टकळीवर लोकर कातायला शिकायची असेल तर

लोकरीचं सूत घरी कातायचं म्हटलं की लोक सगळ्यात आधी चरख्याची किंमत विचारतात. चरखा लागतच नाही. एक टकळी (म्हणजे चकती लावलेली, हाताने फिरवायची काठी), ओंजळभर लोकर आणि रोज अर्धा तास एवढ्यावर काम सुरू होतं, आणि पुढे कधीच चरखा घेतला नाही तरी काही अडत नाही. चरखा माणसाच्या हातात आला त्याच्या हजारो वर्षं आधीपासून टकळी आहे, मोहेंजोदडोला उत्खननात टकळीच्या मातीच्या चकत्या सापडल्यात, आणि हिमालयात, तिकडे पेरूच्या डोंगरातही लोक आजसुद्धा चालता चालता टकळीवर लोकर कातत असतात. त्यामुळे 'आधी टकळी, मग जमलं तर खरं यंत्र' असा विचार डोक्यातून काढून टाका, टकळी हे पूर्ण साधन आहे.

आता मुद्द्याचं. कातणं म्हणजे दोनच कामं आहेत. एक, तंतू ओढून पातळ करायचे. दोन, त्यांना पीळ द्यायचा. बस. पण नवीन माणूस व्हिडिओ बघतो, त्यात ती बाई टकळी गरकन फिरवून सोडते आणि हाताने ओढत जाते, दोन्ही कामं एकाच वेळी, आणि हा पण तेच करायला जातो, मग टकळी धाडकन खाली पडते, धागा तुटतो, पुन्हा जोडा, पुन्हा पडते, आणि तीन-चार दिवसांत टकळी कपाटात जाते. हे होऊ द्यायचं नसेल तर दोन कामं वेगळी करून शिका. आधी पीळ साठवा, टकळी थांबवा, मग ओढा. हात बसला की दोन्ही आपोआप एकत्र येतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. हा सगळा लेख मी याच एका गोष्टीसाठी लिहितेय असं समजा, बाकी माहिती तिच्या आजूबाजूची आहे.

ज्यांना देवाच्या वाती वळता येतात त्यांनी तर अजिबात घाबरू नये. कापसाचा पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची सुरळी, हातात धरून हलकेच लांबवायचा आणि मांडीवर किंवा तळहातावर वळायचा, ही जी सवय आहे ना, तीच इथे लागते, फक्त वात एक वीतभर असते आणि इथे धागा संपत नाही. खरंतर पहिल्या दिवशी टकळी घेऊच नका. चिमूटभर लोकर घ्या, दोन्ही हातांनी हळूहळू ओढा, तंतू एकमेकांवरून सरकताना जाणवले पाहिजेत, अगदी सुटायच्या आधी थांबा आणि मांडीवर एकाच दिशेने वळा. वळलेला भाग ओढून बघा, तुटत नाही. न वळलेला भाग ओढून बघा, लगेच सुटतो. पीळ म्हणजे काय करतो ते एवढ्यातच कळतं.

टकळी कुठली घ्यायची

घरात कोणा आजी-आजोबांची शाळेतली टकळी असेल तर ती सूत कातायची, म्हणजे कापसाची. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या हस्तव्यवसायातून शिक्षणाच्या शाळांमध्ये आणि पुढे कितीतरी साध्या शाळांमध्येही टकळीचा तास असायचा, त्या पिढीतल्या लोकांना विचारलंत तर अजूनही त्यांच्या बोटांना ते आठवतं आणि ते तुम्हाला खूप काही दाखवू शकतात. पण ती पितळी टकळी बारीक, हलकी आणि प्रचंड वेगात फिरणारी असते, कारण कापसाचा तंतू दोन-तीन सेंटीमीटरचा, त्याला भरपूर पीळ लागतो. लोकरीचा तंतू त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब, कमी पिळातही धरून राहतो, म्हणून लोकर खरंतर कापसापेक्षा सोपी आहे. लोकरीला जरा जड आणि सावकाश पण बराच वेळ फिरणारी टकळी हवी. सुरुवातीला ३५ ते ५० ग्रॅम वजन चांगलं. त्याहून हलकी असेल तर जाड धाग्यावर ती फिरतच नाही, लगेच उलटी फिरायला लागते, आणि ८०-९० ग्रॅमची असेल तर नवशिक्याचा कच्चा धागा तिच्या वजनानेच तुटतो.

विकत मिळतात ऑनलाइन, पण घरी करणं इतकं सोपं आहे की मी तेच सांगेन. दोन जुन्या सीडी घ्या, एक सीडी साधारण १५-१६ ग्रॅमची असते म्हणजे दोन्हीचे ३० झाले. ८-९ मिलीमीटर जाडीची लाकडी गोल काठी, लांबी एक फूट. सीडीचं भोक १५ मिलीमीटरचं असतं, काठी त्यात सैल बसते, म्हणून इलेक्ट्रिकच्या दुकानातून वायर जायच्या भोकाला लावतात ते रबरी ग्रोमेट आणा, भोकाच्या मापाचं. ते नाही मिळालं तर सायकलच्या ट्यूबची पट्टी काठीला घट्ट गुंडाळूनही काम होतं. काठीच्या वरच्या टोकाला एक छोटा हुक फिरवून बसवा, कपबशा टांगायला असतात तसला, आणि सीडी हुकाच्या खाली दोन-तीन बोटांवर ठेवा. सीडीच्या कडेला कानशीने एक बारीक खाच पाडा, धागा त्यातून वर हुकाकडे जातो आणि घसरत नाही. हुक बरोबर मध्यभागी आलाय ना हे मात्र नीट बघा, टकळी हुकाला दोरा बांधून टांगा आणि फिरवा, डगमगत असेल तर हुक पकडीने थोडा थोडा वाकवून मध्यावर आणा. डगमगणाऱ्या टकळीवर शिकणं म्हणजे विनाकारण स्वतःला त्रास.

लोकर

इथे माझं मत जरा ठाम आहे. सुरुवात मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीने करू नका. ऑनलाइन सगळ्यात सहज तीच मिळते, मऊ दिसते, रंग छान असतात, पण ती इतकी बारीक आणि गुळगुळीत असते की नवीन हातातून एकतर सटकते नाहीतर घामाने चिकटून बसते. सुरुवातीला मध्यम जाडीची, तंतू आठ-दहा सेंटीमीटर लांब असलेली, पिंजलेली लोकर घ्या. बिकानेरकडची मगरा जातीची लोकर मिळाली तर छान, चकचकीत असते आणि तंतू नीट दिसतात. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांची तर चैन आहे, कॉरिडेल नाहीतर रोमनी जातीच्या मेंढीची लोकर मागा, तिकडे नवशिक्यांना हीच देतात. शंभर ग्रॅम पुरे. एकदम किलोभर आणू नका, लोकर पडून राहिली की तिला कसर लागते.

तुम्हाला ती लांब दोरीसारखी पट्टी मिळाली असेल, ज्याला दुकानवाले टॉप किंवा रोव्हिंग म्हणतात, तर ती तशीच घेऊन बसू नका. हातभर तुकडा तोडा (कात्रीने नाही, दोन्ही हात वीतभर अंतरावर धरून ओढा, आपोआप सुटतो) आणि तो उभा चिरत चिरत बोटाएवढ्या पट्ट्या करा. जाड पट्टी हातात घेतली की माणूस घट्ट धरतो, घट्ट धरली की ओढली जात नाही, तिथूनच सगळी भांडणं सुरू होतात.

आणखी एक, तंतूची लांबी मोजून घ्या. एक छोटी बट ओढून काढा आणि बघा केवढी आहे ती. समजा आठ सेंटीमीटर भरली, तर कातताना तुमच्या दोन हातांमध्ये नेहमी आठपेक्षा जास्त अंतर हवं. कारण त्यापेक्षा कमी असलं तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्ही दोन हातांनी पकडलेली असतात आणि मग कितीही ओढा, काय सरकणार? 'लोकर ओढलीच जात नाही' म्हणून वैतागलेल्या दहातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं.

आता प्रत्यक्ष कातायला बसा

खुर्चीत बसा, खाली सतरंजी किंवा गोधडी टाका म्हणजे टकळी पडली तरी फुटणार नाही. विणकामाच्या लोकरीचा हात-दीड हात लांब तुकडा घ्या, तो काठीला सीडीच्या खाली घट्ट बांधा, दोन-चार वेढे द्या, मग सीडीच्या कडेच्या खाचेतून वर आणून हुकात अडकवा. हा झाला आरंभीचा धागा, याच्या टोकाला तुमची लोकर जोडली जाणार. त्या टोकाचे पदर बोटांनी सोडवून ते झिपरं करून ठेवा, गुळगुळीत टोकाला लोकर धरत नाही.

आता हा धागा उजव्या हातात वर धरा आणि डाव्या हाताने टकळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून सोडा. (डावखुरे असाल तर हात उलटे करा, फिरवायची दिशा तीच ठेवा.) धाग्यात भरपूर पीळ येऊ द्या, टकळीचा वेग कमी झाला की ती पकडा आणि दोन गुडघ्यांमध्ये धरून ठेवा. टकळी पूर्ण थांबली. पण पीळ धाग्यात साठलेला आहे, आणि तो तुमच्या उजव्या हाताच्या चिमटीने अडवून ठेवलाय.

डाव्या हातात लोकरीची पट्टी घ्या. पकड अशी पाहिजे की कोणी सहज ओढून नेऊ शकेल. पट्टीचं टोक थोडं पसरवा, त्या झिपऱ्या टोकावर सात-आठ सेंटीमीटर एकावर एक येईल असं ठेवा, आणि उजवी चिमूट त्या जोडावर हळूच वर सरकवा. पीळ मागोमाग वर चढताना दिसेल आणि जोड धरून ठेवेल. जरा ओढून बघा. सुटला तर पुन्हा करा, पहिला जोड कोणालाच पहिल्यांदा जमत नाही, त्यात काही नाही.

जोड बसला की खरं काम. उजव्या हाताची चिमूट घट्ट, पीळ तिच्या पलीकडे जाता कामा नये. डावा हात मागे न्या, हळू, तंतू पातळ होत जातील, पाहिजे तेवढे पातळ झाले की थांबा. मग उजवी चिमूट न सोडता त्या पातळ भागावरून डाव्या हाताकडे सरकवत न्या, पीळ मागोमाग आत शिरतो आणि तिथे धागा तयार होतो. पुन्हा डावा हात मागे, पुन्हा उजवा सरकवा. मागे, सरकवा. मागे, सरकवा. असं करत करत साठवलेला पीळ संपत येतो, धागा मऊ आणि सैल वाटायला लागतो, तेव्हा थांबून टकळी परत फिरवा आणि गुडघ्यात धरा. घाई करायचं काही कारणच नाही, टकळी गुडघ्यात आहे, ती कुठे जात नाही, तुम्ही पाच मिनिटं विचार करत बसलात तरी चालतं.

हातभर किंवा पोहोचेल तेवढा धागा झाला की तो हुकातून काढा, सीडीच्या खाली काठीवर गुंडाळा, शेवटी वीतभर शिल्लक ठेवून पुन्हा खाचेतून वर हुकात. गुंडाळताना धागा ताणलेला ठेवा, सैल सोडलात तर पिळामुळे त्याच्या गाठी होतात. कुकडी, म्हणजे काठीवर जमणारा धाग्याचा गुंडा, काठीलगत आणि सीडीला चिकटून भरा, खाली बारीक होत जाईल अशी, म्हणजे टकळीचा तोल राहतो. वीस-पंचवीस ग्रॅम झालं की कुकडी उतरवा, जास्त भरली तर टकळी जड होते आणि तुमचा धागा बारीक असेल तर पेलवत नाही.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. टकळी उलटी फिरायला लागायच्या आत पकडायची. ती थांबली की क्षणभर थांबते आणि मग उलट फिरते, आणि तुम्ही दिलेला सगळा पीळ स्वतःच काढून टाकते, आपलं लक्ष वरती लोकरीकडे असतं आणि कळत पण नाही. धागा विनाकारण मधूनच सुटतोय असं वाटलं तर बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

गडबड कुठे होते

धागा कुठे जाड कुठे बारीक येणं हे सुरुवातीला होणारच, त्याच्यावर उपाय म्हणून काही करू नका, ते सरावाने जातं. पण जाड गाठोडं झालंच तर ते कसं सोडवायचं ते सांगते, त्या जाड भागाच्या दोन्ही बाजूंना, तंतूच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर पकडा, पीळ उलटा थोडा सोडवा आणि हळूच ओढा, जाड भाग आपोआप पातळ होतो. पीळ कायम पातळ भागात जास्त जातो आणि जाड भागात कमी, म्हणून जाड भाग नेहमी सैल आणि मऊ दिसतो आणि बारीक भाग दोऱ्यासारखा कडक, हे लक्षात आलं की धाग्याकडे बघूनच कळायला लागतं कुठे काय करायचं.

पीळ बरोबर आहे का ते बघायची पद्धत सोपी आहे. नुकताच कातलेला वीतभर धागा सैल सोडा, तो स्वतःभोवती दुमडून पिळला जाईल. तो दुमडलेला दुपदरी धागा छान गोल, मऊ दिसला तर पीळ बरोबर. दुमडलाच नाही, लोंबत राहिला तर कमी. कडक होऊन स्प्रिंगसारखी वेटोळी झाली तर जास्त. जास्त पिळाची भीती बाळगू नका, सुरुवातीला थोडा जास्तच द्या, दुहेरी करताना तो बराचसा उतरतो. कमी पीळ मात्र सुधारणं त्रासाचं असतं.

पीळ उजव्या चिमटीच्या पलीकडे लोकरीत शिरला तर लोकर दोरखंडासारखी होते आणि ओढली जात नाही. तेव्हा जोर लावू नका, टकळी गुडघ्यात धरा, लोकर उलट्या दिशेने दोन-तीनदा फिरवून पीळ काढा, मग पुढे जा. हाताला घाम येत असेल, मुंबई-कोकणात मे महिन्यात येणारच, तर पंख्याखाली बसा आणि मधून मधून हात पुसा, ओल्या हाताला लोकर चिकटते.

धागा तुटला तर घाबरू नका, दोन्ही टोकं उलगडून झिपरी करा, एकमेकांवर सात-आठ सेंटीमीटर ठेवा आणि पीळ येऊ द्या. गाठ मारायची नाही. गाठ विणताना दिसते, घासते आणि शेवटी तिथेच तुटते.

एक-दोन आठवडे असं थांबून थांबून काता. मग एक दिवस तुमच्या लक्षात येईल की टकळी फिरत असतानाच तुम्ही ओढायला लागलाय. तेव्हा उभं राहा आणि टकळी खाली सोडा, लटकत फिरू द्या.

दुहेरी करणं आणि धुणं

एकेरी धागा विणला तर कापड एका बाजूला तिरकं जातं, म्हणून विणकामासाठी दोन धागे एकत्र पिळायचे. दोन कुकड्यांचे दोन गुंडे करा, प्रत्येक गुंडा एका तांब्यात टाका म्हणजे खोलीभर पळत नाहीत, दोन्ही टोकं एकत्र टकळीला बांधा आणि आता टकळी उलट्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवा. हे विसरू नका, त्याच दिशेने फिरवलंत तर धागा मोकळा होण्याऐवजी तारेसारखा होतो. दोन्ही धाग्यांवर सारखा ताण ठेवा, नाहीतर एक सरळ राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळला जातो. ओढायचं काही नाही इथे, फक्त पीळ, त्यामुळे हे काम भराभर होतं आणि खूप समाधान देतं, कारण मघाचे सगळे जाड-बारीक भाग एकमेकांना सावरून घेतात आणि पहिल्यांदाच ते दुकानात मिळतं तसं सूत वाटायला लागतं.

मग फाळक्यावर, म्हणजे सूत गुंडाळायच्या चौकटीवर, लड करा. फाळका नसेल तर दोन खुर्च्यांच्या पाठी पुरतात. लडीला चार ठिकाणी सुती दोऱ्याने इंग्रजी आठच्या आकारात सैलसर बांधा, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, दोन-चारदा जोरात झटका आणि सावलीत वाळत घाला. ओल्यात पीळ बसतो, धागा फुगतो आणि त्याचा खरा पोत तेव्हा दिसतो. हे न करता विणायला घेऊ नका.

आपली दख्खनी

दोन-तीन लड्या झाल्या की दख्खनी मेंढीच्या लोकरीकडे या, माझी मनापासून इच्छा आहे की मराठी माणसांनी यावं. लोणंद, संगमनेर, सोलापूर, कोल्हापूर हा सगळा पट्टा, तिथल्या धनगरांच्या कळपातली काळी, करडी, पांढरी लोकर. हिच्याच घोंगड्या होतात. बायका चरख्यावर कातायच्या, सनगर आणि खुटेकर या विणकर समाजांचे लोक खड्ड्याच्या मागावर विणायचे, ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावायची म्हणजे धागा घासून तुटत नाही. पुढे घोंगडीची मागणी घटली, मेंढी मटणासाठी पाळली जायला लागली, आणि आज कित्येक ठिकाणी अशी वेळ आहे की कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते आणि लोकर तशीच फेकून दिली जाते. बाहेरून हजारो रुपये किलोची लोकर मागवणारे आपण आणि फलटणच्या रस्त्याकडेला उकिरड्यावर पडलेली लोकर, हे मला फार लागतं.

ती कातायला वेगळी आहे हे मात्र आधी समजून घ्या. मेरिनोचा तंतू जाडीला २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) आसपास, दख्खनीचा ४० च्या वर, त्यात केसही मिसळलेले. आखूड, राठ आणि ताठ. तिचा बारीक मऊ धागा काढायचा हट्ट धरलात तर ती तुटत राहील आणि टोचत राहील. जाड धागा काढा, हात जरा जवळ ठेवा, पीळ जास्त द्या, आणि तिच्याकडून आसन, सतरंजी, पिशवी, पायपुसणं, खांद्यावरची घोंगडी मागा, गळ्याजवळचा स्वेटर मागू नका. मऊच हवी असेल तर जावळ विचारा, कोकराची पहिली कातरणी, ती दख्खनीतही मऊ असते आणि म्हणूनच जावळाच्या घोंगडीला पहिल्यापासून वेगळा मान आणि वेगळी किंमत.

वर्षातून साधारण दोनदा कातरणी होते. तुमच्या भागात धनगरांचा वाडा उतरत असेल, शेतात मेंढरं बसवत असतील, तर तिथल्या मामांना किंवा मावशींना सरळ जाऊन विचारा की कातरणी कधी आहे आणि दोन किलो लोकर द्याल का. फुकट मागू नका. फेकून देणार आहेत म्हणून फुकट घ्यायची ही गोष्ट नाही, त्यांनी मेंढी वर्षभर सांभाळलीय, भाव विचारा आणि पाठीवरची, खांद्यावरची लोकर निवडून द्यायला सांगा, पोटाची आणि पायाची सोडा, ती मळकी आणि तुटकी असते. आणि तिथे एखादी म्हातारी बाई कातणारी भेटली तर बसा तिच्याजवळ, तिच्या बोटांकडे बघा, मी इथे एवढं लिहिलंय त्यापेक्षा जास्त तिथे दहा मिनिटांत मिळेल.

घरी आणल्यावर ती आधी उघड्यावर, गच्चीत नाहीतर अंगणात झटका. तोंडाला रुमाल बांधा, हाताला जखम असेल तर ग्लोव्हज घाला. दख्खनी लोकरीत तेल कमी पण माती, वाळू, कुसळं आणि लेंड्या भरपूर, काटे हाताने वेचून काढा, जे निघत नाही तो भाग सरळ टाकून द्या. मग धुणं. एक रात्र साध्या थंड पाण्यात भिजवा, तळाशी माती बसते, ते पाणी झाडांना घाला, झाडांना चांगलं असतं. दुसऱ्या दिवशी कडकडीत, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात रिठ्याचा काढा नाहीतर भांड्याचा लिक्विड साबण टाका, लोकर आत दाबा आणि सोडून द्या. ढवळायचं नाही, चोळायचं नाही, वरून नळ सोडायचा नाही. गरम पाणी, साबण आणि घासणं तिन्ही एकत्र आले की लोकरीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला गोळा होतो आणि मग ती कधीच मोकळी होत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी काढा, पाणी गार व्हायच्या आत, कारण गार झालं की सुटलेलं तेल परत लोकरीवर बसतं. मग तेवढ्याच गरम साध्या पाण्यातून दोन-तीनदा, आणि सावलीत जाळीवर पसरून वाळवा. पावसाळ्यात हे काम काढू नका, चार-चार दिवस वाळत नाही आणि वास मारायला लागतो.

वाळली की हाताने मोकळी करा, एकेक बट घेऊन तंतू फुलवत जायचं, कंटाळवाणं वाटतं पण गप्पा मारता मारता होतं आणि उरलेला कचरा इथेच गळून पडतो. मग पिंजणं. धनगरांकडे यासाठी तातीची कमान, म्हणजे दोरी ताणलेलं पिंजायचं धनुष्य असतं, ती वापरायला हात लागतो. घरच्यासाठी कुत्रे-मांजरं विंचरायचे ते वाकड्या बारीक तारांचे दोन ब्रश घ्या, पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात. एका ब्रशवर पातळ थर लोकर लावा, दुसऱ्याने हलकेच विंचरा, तारा एकमेकांत घुसवू नका नुसत्या वरून फिरवा, लोकर इकडून तिकडे जाईल, दोन-तीनदा असं झालं की काढून घ्या आणि एखाद्या विणायच्या सुईभोवती गुंडाळून पेळू करा. पेळू बोटाएवढा, हलका आणि आत हवा असलेला हवा. दाबून ठेवू नका. जास्त पेळू एकदम करूनही ठेवू नका, ज्या दिवशी कातायचे त्या दिवशीचे करा.

उरलेली धुतलेली लोकर सुती पिशवीत भरून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. पिशवीत वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका, पण त्याच्यावरच विसंबू नका, महिन्यातून एकदा पिशवी उलटी करून लोकर झटका आणि तासभर उन्हात टाका, कसर अंधारात आणि न हलवलेल्या लोकरीतच होते. न धुतलेली लोकर घरात ठेवूच नका. आणि पहिली लड, वाकडीतिकडी जाड-बारीक जशी असेल तशी, ती वेगळी ठेवा, पुढे कधी मुद्दाम तसा धागा काढायचा म्हटलं तर हात तयार झाल्यावर तो निघत नाही, आणि भिंतीवरच्या विणकामात, पिशवीच्या काठाला तसलाच धागा शोभतो.